मामाला अपक्ष उभं राहायचंय, पतसंस्थेचं कर्ज चालतं का? आणि सरकार काही देतं का?

सिडकोवाला:
नमस्कार मंडळी. आमचे मामा निफाडचे, द्राक्षबाग आहे, आणि पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं त्यांनी पक्कं डोक्यात घेतलंय. मामी बोलायची बंद झालीये. मी कॉमर्सवाला म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं की तू जरा माहिती काढ. तर मामांचं गणित असं, की नाशकातला प्लॉट तारण ठेवून पतसंस्थेतून 15 लाख उचलायचे, साडूकडून 2 लाख हातउसने रोख, आणि उरलेलं सरकार देतं म्हणे! पारावर कुणीतरी सांगितलंय की चांगली मतं पडली की खर्च परत मिळतो. हे खरंय का? आणि निवडणुकीसाठी कर्ज काढणं कायद्यात बसतं का मुळात?

हिशोबनीस:
आधी ते परतफेडीचं डोक्यातून काढा. आपल्याकडे उमेदवाराला सरकार एक रुपया देत नाही. परत मिळालंच तर डिपॉझिट मिळतं, विधानसभेला 10,000, आणि तेही वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त पडली तर (निवडून आलात तर प्रश्नच नाही). पारावर बहुतेक याचंच पुराण झालं असणार.

कर्ज काढायला बंदी नाही. कायदा बघतो तो खर्च. 2022 पासून आपल्या राज्यात विधानसभेला मर्यादा 40 लाख, मग पैसे घरचे असोत की कर्जाचे. पण साडूच्या 2 लाखांवर मात्र गाडी अडते. उमेदवाराला कुणाही एकाकडून 10,000 च्या वर रोखीत ना देणगी घेता येत ना उसने. "अहो घरचेच आहेत ते" हे तिथं कोणी ऐकत नाही. शिवाय 20,000 किंवा त्याच्या वरचं कर्ज रोखीत घेतलं तर इन्कम टॅक्सवाले जेवढी रक्कम तेवढाच दंड लावू शकतात ते वेगळंच. साडूला सांगा चेक द्या नाहीतर आरटीजीएस करा, आणि तोही निवडणुकीच्या खात्यात.

हे खातं वेगळं उघडावं लागतं, अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी. सहकारी बँकेत, पोस्टात, कुठंही चालतं. एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर जॉइंट. मामीसोबतचं जुनं जॉइंट खातं चालणार नाही. सगळा पैसा आधी या खात्यात आणायचा आणि इथूनच खर्च करायचा.

मी एका मित्राची निवडणूक खर्चाची वही लिहिली होती म्हणून सांगतो. तीन रंगाची पानं असतात, पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. प्रचारात तीनदा तपासणीला न्यायची. आमच्या गुलाबी पानावर मित्राने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं "दाजींकडून 40,000", बस एवढंच, ना तारीख ना कशासाठी. तपासणाऱ्या साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि चष्म्यावरून आमच्याकडे नुसतं बघितलं. पुढचे दोन दिवस प्रचार सोडून खुलासा लिहित बसलो.

शेवटी गोषवारा भरायचा असतो त्यात स्वतःचा पैसा, पक्षाचा पैसा आणि तिसरं म्हणजे लोकांकडून आलेलं कर्ज, भेट, देणगी असे वेगवेगळे तक्ते आहेत, तिसऱ्यात देणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. निकालापासून 30 दिवसांत हा हिशोब दिला नाही आणि सबळ कारणही नसलं तर आयोग 3 वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. हरलेल्यांना वाटतं आता कोण विचारतंय, तेच अडकतात.

गंगापूररोडकर:
अजून एक, कुणी मित्र म्हणेल आपलं लॉन्स घे सभेला, फुकट. फुकट काही नसतं, जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे भाडं लावून तुमच्या खर्चात धरतात. खुर्ची, मंडप, चहा सगळ्याचे दर ठरलेले असतात. पार्टीवाल्यांच्या स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात येत नाही, अपक्षाला ती सोयच नाही.

ओझरकर_सध्या_तूलूझ:
पारावरचा माणूस अगदीच हवेत नव्हता, फक्त देश चुकला त्याचा 😄 इकडे फ्रान्समधे खासदारकीला पहिल्या फेरीत 5 टक्के मतं पडली की स्वतः घातलेला पैसा सरकार परत देतं, खर्चमर्यादेच्या 47.5 टक्क्यांपर्यंत. बँकेतून कर्ज काढून घातलेला पैसाही "स्वतःचा" धरतात. माणसाकडून उसने घेता येतात पण 5 वर्षांच्या आत फेडायचे, कंपनीकडून कर्ज चालत नाही. आणि हिशोब नापास झाला की परतफेड गेली. सारकोझींचा 2012 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा हिशोब मर्यादा ओलांडली म्हणून 2013 मधे फेटाळला आणि मग पक्षाला लोकांकडे वर्गणी मागत फिरावं लागलं. माजी राष्ट्राध्यक्ष हो!

सिडकोवाला:
बाप रे. मग आपल्याकडे असं कधी ठरलंच नाही का? आणि समजा मामा पडले आणि कर्ज थकलं तर पुढच्या वेळी उभं राहता येईल का?

पंचवटीकर_वकील:
ठरलं नाही, चर्चा मात्र भरपूर झाली. 1998 मधे इंद्रजीत गुप्ता समितीने सरकारी मदत द्यावी म्हटलं होतं, पण रोख नाही, वस्तू आणि सोयींच्या रूपात, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षांना तिथंही ठेंगाच. 2015 मधे विधी आयोगाने तर सगळा खर्च सरकारने उचलणं आत्ता जमणारं नाही असंच सांगितलं. आज मिळतं ते म्हणजे मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आकाशवाणीवर वेळ आणि त्यांच्या उमेदवारांना मतदारयादीची प्रत फुकट. गावाने वर्गणी काढून मामांना दिली तर देणाऱ्याला टॅक्समधे सूटही नाही, ती सूट पक्षाला दिलेल्या देणगीवर आहे.

कर्ज थकलं एवढ्यावरून अपात्र होत नाही. कोर्टाने नादार (दिवाळखोर) ठरवलं आणि त्यातून मोकळे झाले नसतील तर होतात. पण अर्जासोबतच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना 26 मधे, स्वतःची, बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता आणि देणी सगळी लिहावी लागतात, ती सगळ्यांना वाचता येतात. लपवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पतसंस्थेचे 15 लाख त्यात येणारच, ते विरोधकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरणार हेही धरून चाला. प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते बघितलंत का?

सिडकोवाला:
आत्ताच फोन करून विचारलं. प्लॉट मामीच्या नावावर आहे, लग्नानंतर तिच्या वडिलांनी घेऊन दिलेला. मामांना तिची सही लागणार आणि ती म्हणतीये आधी गेल्या वर्षीचं औषधवाल्या दुकानाचं बिल भर, मग बघू.