मदत हवी आहे: स्कूल बोर्डाची निवडणूक लढवावी की बैठकांचे वृत्तान्त लिहीत राहावे? (न्यू जर्सी)

नमस्कार.

मी गेली १७ वर्षे न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत राहतो. ज्या स्कूल डिस्ट्रिक्टविषयी (म्हणजे एका परिसरातील सरकारी शाळांचा कारभार एकत्र पाहणाऱ्या संस्थेविषयी) लिहितो आहे त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पत्नी तेथेच नोकरी करते. आपल्यापैकी कोणी अमेरिकेत स्कूल बोर्डावर काम केलेले असेल, किंवा उमेदवारीच्या उंबरठ्यावरून मागे फिरलेले असेल, तर त्यांचा सल्ला हवा आहे. जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ वाजेपर्यंत अर्ज काउंटी क्लर्कच्या कार्यालयात पोचला पाहिजे. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवडे आहेत.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपल्याकडे ‘बोर्ड’ म्हटले की दहावी-बारावीची परीक्षा आठवते. येथील बोर्डाचा तसल्या परीक्षेशी संबंध नाही. न्यू जर्सीत सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेले, साधारणपणे ९ सदस्यांचे मंडळ कारभार पाहते. मुदत ३ वर्षांची असते, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, आणि मानधन तर कायद्यानेच नाकारलेले आहे. तरीही हेच मंडळ सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळांचा मुख्य प्रशासक, नेमते, शिक्षक संघटनेशी करार करते आणि कोट्यवधी डॉलरचे अंदाजपत्रक मंजूर करते. मालमत्ता करातला साधारण निम्मा वाटा शाळांकडे जात असल्यामुळे ज्या घरात शाळेत जाणारे मूल नाही त्या घरालाही या मंडळाच्या निर्णयाचे पैसे भरावे लागतात. २०१० च्या कायद्याने काही अपवाद सोडता ही करवसुली वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. मात्र २०१२ च्या सुधारणेनंतर ज्या डिस्ट्रिक्टनी आपली निवडणूक एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये नेली, तेथे त्या मर्यादेत बसणाऱ्या अंदाजपत्रकावर लोकांचे मतदान होत नाही. पूर्वी गावकरी अंदाजपत्रक थेट फेटाळू शकत. आता सदस्य निवडायचे आणि बैठकीत तीन मिनिटे बोलायचे, एवढेच त्यांच्या हाती उरले आहे.

मी यात पडलो तो बसमुळे. आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून २ मैलांहून दूर असेल आणि हायस्कूलच्या मुलाचे अडीच मैलांहून दूर असेल, तर त्याला बस देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याहून जवळ राहणाऱ्यांना मिळते ती ‘कर्टसी’ बस, म्हणजे निव्वळ सौजन्य. २०१८ मध्ये राज्याने अनुदानवाटपाची पद्धत बदलली आणि सूत्रापेक्षा अधिक रक्कम मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टचे अनुदान सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी केले. आमचे डिस्ट्रिक्ट त्या यादीत होते, आणि अशा वेळी सर्वांत आधी सौजन्यच संपते. बस बंद करण्याचा ठराव वसंत ऋतूतील एका बैठकीत, एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या विषयांच्या यादीत संमत झाला. पालकांना तो ऑगस्टमध्ये कळला, बसचा पास आला नाही तेव्हा. आमचे घर शाळेपासून १.८ मैलांवर आहे आणि वाटेतल्या मोठ्या भागात रस्त्याला पदपथ नाही. मुलगी तेव्हा सहावीत होती.

ठराव लपवलेला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. कार्यक्रमपत्रिका संकेतस्थळावर होती, बैठकीची सूचना कायद्याप्रमाणे ४८ तास आधी दिलेली होती, ध्वनिचित्रमुद्रणही उपलब्ध होते. पण साडेतीन तासांचे मुद्रण पाहणार कोण? पूर्वी या बैठकांना बसणारा स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर केव्हाच येईनासा झाला होता, आणि डिस्ट्रिक्टचे स्वतःचे बातमीपत्र म्हणजे विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे आणि बँडला मिळालेली पारितोषिके.

त्या सप्टेंबरपासून मी प्रत्येक बैठकीला वही घेऊन बसतो आणि दोन पानांचा वृत्तान्त लिहितो: कोणता ठराव आला, कोणी कसे मत दिले, किती पैसे कोठे गेले, पुढच्या महिन्यात काय येऊ घातले आहे. तो इंग्रजीत पालकांच्या ईमेल यादीवर जातो आणि मराठीत मराठी शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर. मराठी आवृत्ती मी केवळ हौसेखातर सुरू केली होती. पण सहा-सहा महिने येथे येऊन राहणारे आणि नातवंडांना बसथांब्यावर सोडणारे आजी-आजोबा ती सर्वांत बारकाईने वाचतात आणि चुकाही तेच काढतात.

आता काही पालकांचे म्हणणे असे की मीच उभा राहावे. अटी मी पूर्ण करतो: नागरिकत्व आहे, मतदार म्हणून नोंद आहे, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष वास्तव्याची अट केव्हाच ओलांडली आहे. अडचण निराळी आहे. बोर्ड सदस्यांसाठीची आचारसंहिता मी दोनदा वाचली. शाळा चालवणे हे सदस्याचे काम नाही, त्या नीट चालल्या आहेत की नाहीत हे इतर सदस्यांसह पाहणे हे त्याचे काम आहे. अधिकार मंडळाचा आहे, एकट्या सदस्याचा नाही. मंडळाला अडचणीत आणणारी खाजगी कृती करायची नाही. गोपनीय ते गोपनीय ठेवायचे. यातले एकही कलम मला अमान्य नाही. पण आजवर लिहीत आलो ते याच्या नेमके उलट्या जागेवरून. मी एकटा आहे, मंडळाला बांधील नाही, आणि कोणते मत मला खटकले ते लिहू शकतो.

त्यात पत्नी डिस्ट्रिक्टच्या एका प्राथमिक शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात साहाय्यक आहे आणि संघटनेची सभासद आहे. त्यामुळे मला कोणत्या विषयांपासून दूर राहावे लागेल, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की निवडून आल्यावर वृत्तान्त लिहिणे चालू ठेवता येते का, आणि कायद्याने येत असले तरी ते योग्य आहे का? तिसरा प्रश्न या दोहोंपेक्षा मला अधिक छळतो. व्यासपीठावर बसून नऊपैकी एक मत देणारा माणूस गावाच्या अधिक उपयोगाचा, की समोरच्या खुर्च्यांत बसून नऊही मते लिहून घेणारा?

————

शाईची दौत यांचा प्रतिसाद

मी शेजारच्या काउंटीत एक मुदत पूर्ण केली आणि पुन्हा उभा राहिलो नाही, त्यामुळे माझा सल्ला त्या बेताने घ्यावा.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जोडीदार त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला असेल तर संघटनेशी होणाऱ्या वाटाघाटींपासून आणि सुपरिंटेंडंटची निवड, मूल्यमापन व करार या सर्वांपासून दूर राहावे लागते. दूर म्हणजे केवळ मतदानाला गप्प बसणे नव्हे. बंद दाराआड चर्चा सुरू झाली की उठून बाहेर जायचे. आमच्या मंडळात एका वेळी इतक्या सदस्यांचे नातेवाईक नोकरीत होते की गणसंख्याच उरेना. मग ‘डॉक्ट्रिन ऑफ नेसेसिटी’चा ठराव करून, कारणे जाहीरपणे नोंदवून सर्वांना परत आत घ्यावे लागले. आपण उमेदवार असताना बोर्डाच्या वकिलाला विचारू नका, तो बोर्डाचा वकील आहे. न्यू जर्सी स्कूल बोर्ड्‌स असोसिएशन इच्छुक उमेदवारांना मार्गदर्शन करते, तेथे विचारा. निवडून आलात तर पहिल्या वर्षीचे सक्तीचे प्रशिक्षणही त्यांच्याकडेच असते.

लिहिण्याविषयी सांगायचे तर ‘हे माझे वैयक्तिक मत आहे, मंडळाचे नव्हे’ अशी ओळ घालून सदस्य लिहू शकतो. मीही घालत असे. ती ओळ माझ्याखेरीज कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. सुट्ट्यांच्या वेळापत्रकावर मी पाच ओळी लिहिल्या, तर दुसऱ्या दिवशी ‘बोर्डाने ठरवले’ म्हणून त्या गावभर झाल्या आणि अजून मतदान व्हायचे होते. शिवाय आपल्या समूहात आणखी चार सदस्य पालक म्हणून असतील आणि तेथे ठरावावर बोलणे सुरू झाले, तर नऊपैकी पाच जणांची ती सूचना न देता झालेली बैठक ठरू शकते. १९७५ चा खुल्या बैठकांचा कायदा याबाबत फार सोशीक नाही.

इंडियन ग्रोसरीच्या रांगेत लोक आपल्याला मुलाच्या शिक्षकाविषयी तक्रार सांगतील. त्यांना ‘आधी शिक्षकाशी बोला, मग मुख्याध्यापकाशी’ एवढेच सांगायचे असते. हे वाक्य म्हणायला मला वर्ष लागले.

————

तिसरी घंटा यांचा प्रतिसाद

मी दोन वर्षांपूर्वी उभी राहिले आणि पडले, तेव्हा फक्त उमेदवारीपुरते लिहिते. मराठी आवृत्ती हे आपले बळ आहे आणि प्रचारात तेच आपल्यावर उलटवले जाईल. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरील ताणाविषयी पालकांना दीर्घ पत्र लिहिले. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढल्या, गृहपाठाविना रात्री ठरवल्या, लहान वर्गांतील वेगवान गणिताचा कार्यक्रम आवरता घेतला. त्यावरून पालकांत उभी फूट पडली आणि ती मुख्यतः आशियाई आणि गोरे अशी पडल्याचे देशभर छापून आले. तेव्हापासून या पट्ट्यात भारतीय नावाचा उमेदवार उभा राहिला की तो ‘गणितवाला’ असणार हे लोक गृहीतच धरतात. मला दारोदारी पहिला प्रश्न गणिताचाच आला, आणि मी उभी होते विशेष शिक्षणाच्या खर्चावर. आपला बसचा मुद्दा याबाबतीत उत्तम आहे, कारण पदपथ नसलेल्या रस्त्यावरून सगळ्यांचीच मुले चालतात.

वृत्तान्त मात्र सोडू नका. आमच्याकडे कोणीच लिहीत नाही.

————

वाकळ यांचा प्रतिसाद

सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक आहे. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आमची समिती कर बसवत नाही की शिक्षक नेमत नाही, त्यामुळे तुलना फार ताणत नाही. पण एक गोष्ट इथेही तशीच आहे. समितीत आलेला पालक पहिल्या दोन बैठकांत प्रश्न विचारतो, तिसऱ्या बैठकीपासून तो गावाला आमची उत्तरे समजावून सांगू लागतो. त्यात लबाडी नसते. निधी येत नाही हे त्याला आतून दिसलेले असते. म्हणून इतिवृत्त मी फलकावर लावतो आणि ते वाचून भांडायला येणारी एक आजी आहे, तिला मी समितीत घेण्याचा आग्रह कधीच धरला नाही.

————

मूळ धागालेखकाचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ‘शाईची दौत’ यांचे उत्तर वाचल्यावर मी मागील तीन वर्षांचे वृत्तान्त काढून बसलो आणि प्रत्येकावर खूण केली: हा विषय पत्नीच्या नोकरीमुळे मला वर्ज्य, हा नाही. करार, सुपरिंटेंडंटचे मूल्यमापन, वेतनश्रेणी, या विषयांवर मी सर्वांत अधिक लिहिलेले निघाले, आणि नेमके तेच वर्ज्य. बस, इमारतींची दुरुस्ती, वेळापत्रक, विशेष शिक्षणाचा खर्च हे उरतात. ते कमी नाहीत, पण मत मागताना हे मतदाराला आधी सांगणे मला भाग आहे, आणि छापील पत्रकात ते कोणत्या शब्दांत सांगावे हे अजून सुचलेले नाही. पत्नीचे मत असे की तिने माझ्यासाठी नोकरी सोडावी असे कोणी सुचवण्याआधीच हा धागा बंद करावा. (तसे कोणी सुचवलेले नाही, याची तिने दखल घेतली आहे.)

तिसऱ्या प्रश्नावर अद्याप माझे ठरलेले नाही, पण क्रम ठरला आहे. वृत्तान्त दुसऱ्या कोणाच्या हाती नीट गेला तरच अर्ज भरायचा. नववीतल्या मुलीची आई असलेल्या एका तमिळ भगिनी आणि आमच्या मराठी शाळेतील एक निवृत्त लेखापरीक्षक आजोबा तयार झाले आहेत. आजोबांचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंतचाच आहे, पण अंदाजपत्रकाचे तक्ते ते माझ्यापेक्षा चांगले वाचतात आणि तमिळ भगिनींना शिकवून जाईन म्हणतात. जुलैची बैठक तिसऱ्या सोमवारी आहे. त्या रात्री ते दोघे लिहितील आणि मी वही घरी ठेवून नुसता बसणार आहे. त्यांचा मसुदा मी तपासणार नाही, असेही ठरले आहे. अर्ज भरण्यासाठी त्यानंतर सात दिवस उरतात.

दरम्यान एक छोटी विचारणा आहे. उमेदवाराने स्वतः लिहिलेले जुने वृत्तान्त प्रचाराच्या काळात संकेतस्थळावर तसेच ठेवावेत की उतरवावेत? मला ते ठेवावेसे वाटतात, त्यांत माझ्या दोन ढोबळ चुका असल्या तरी. कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.