सभेचं प्रोसिडिंग बुक कोणाच्या हातात देऊ?

राजापूरची चिटणीस

नमस्कार. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तालुक्यात कोण बोललं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. पक्ष छोटा आहे, निवडणूक आयोगाकडे नोंदणी आहे, पण मान्यता मिळण्याइतकी मतं-जागा नाहीत. पंचायत समितीत एकदा दोन माणसं निवडून आली, तेवढंच काय ते यश. अकरा वर्षं मी तालुका चिटणीस आहे आणि सभांचं प्रोसिडिंग, म्हणजे हजेरी आणि ठराव, मीच लिहिते.

आमच्या जुन्या अध्यक्षांनी तब्येतीमुळे पद सोडलं आणि आता दोन अध्यक्ष झालेत. साहेब मुंबईचे, त्यांची निवड लालबागला एका हॉलमध्ये झाली. भाऊ इथले, त्यांची निवड राजापुरात आमच्या ऑफिसात. खरं सांगते, मला भाऊच हवे आहेत. जवाहर चौकात अर्जुनेचं पाणी शिरतं तेव्हा कंबरभर पाण्यातून दुकानदारांचा माल बाहेर काढणारा माणूस आहे तो.

पण इथली सभा मिरग लागल्यावर झाली. चाकरमानी परत मुंबईला गेलेले, गावातली माणसं पेरणीच्या चिखलात. हजर होते 47. चहा मीच दिला, त्यामुळे आकड्यात चूक नाही. पुस्तकात 38 सह्या आणि 9 अंगठे आहेत. सभासद 240, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोरम, म्हणजे सभा धरायला लागणारी किमान हजेरी, एकतृतीयांश, म्हणजे 80. हजेरी संपते तिथून ठरावापर्यंत मी अर्धं पान मोकळं सोडलं होतं. उशिरा येणाऱ्यांसाठी मी नेहमी सोडते. आता भाऊंची माणसं म्हणतात, त्या जागेत आणखी सह्या घेऊ, तुम्ही फक्त पुस्तक द्या. साहेबांचाही फोन आला, पुस्तक मुख्य कार्यालयाची मालमत्ता आहे, मुंबईला पाठवा.

दोन रात्री झोप नाही. काय करू?

खाडीपलीकडचा

ताई, आजच्या आज त्या मोकळ्या जागेवर तिरकी रेघ ओढा आणि खाली सही करा. विषय संपला.

चिपळूणचा वकील

रेघ ओढू नका. कृपा करून त्या पानाला पेनही लावू नका. उद्या कोर्टात विचारतील, ही रेघ कधी ओढली, आणि मग तुमच्या बाकीच्या अकरा वर्षांवरही संशय येईल. पान आहे तसं ठेवा. दोन त्रयस्थ माणसांसमोर फोटो आणि झेरॉक्स काढून घ्या. मग पुढच्या कोऱ्या पानावर आजची तारीख घालून लिहा की अमुक सभेच्या पानावर इतक्या ओळी रिकाम्या आहेत आणि हजेरी 47 आहे.

आता कायद्याचं. शिवसेना आणि राष्ट्रवादीचं टीव्हीवर पाहून सगळ्यांना वाटतं की निवडणूक आयोग निकाल देईल. आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, 6 फेब्रुवारी 2024 ला घड्याळ अजित पवार गटाला दिलं, ते चिन्हांच्या 1968 च्या आदेशातल्या परिच्छेद 15 खाली. तो परिच्छेद मान्यताप्राप्त पक्षांपुरताच आहे. तुमच्यासारख्या पक्षाला आयोग दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-क प्रमाणे पदाधिकारी बदलले की आयोगाला विनाविलंब कळवावं लागतं. साहेब कळवतील, भाऊही कळवतील, आणि त्यातलं खरं कुठलं ते आयोग ठरवत बसणार नाही. कोर्ट तीन गोष्टी बघेल: पक्षाची घटना, सभेची नोटीस, हजेरी. म्हणूनच दोघांनाही तुमचं पुस्तक हवं आहे.

एक तपासा. कोरम न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा होईल आणि तिला कोरम लागणार नाही, असं नोटिशीत लिहिलं होतं का? घटनेत तशी तरतूद असेल आणि नोटिशीतही ते वाक्य असेल, तर 47 वरही भाऊ उभे राहू शकतात.

लालबागचा, मूळ गाव ओणी

मी साहेबांच्या बाजूचा, तरी बोलतो. पुस्तक मुंबईला पाठवू नका. पण इथलीही एक बाजू ऐका. वर्गणी आम्ही गोळा केली, पोस्टरं आम्ही छापली, मतदानाला एसटीच्या गाड्या भरून आम्ही आलो. आणि अध्यक्ष निवडायची सभा कधी लावली, तर आम्ही मे महिन्याची रजा संपवून कामावर हजर झाल्यावर. हे मनाला लागलं. लालबागच्या सभेलाही गावचे चारच जण होते, तेही मी मान्य करतो.

देवगडचे आजोबा

हा जुना राजापूर मतदारसंघ. नाथ पै 1957 पासून इथून तीनदा निवडून गेले, त्यांच्यानंतर 1971 ते 1991 मधु दंडवते. प्रजा समाजवादी पक्षाचं झोपडी चिन्ह मी लहानपणी भिंतीवर काढलंय, गेरूने. 1964 ला प्रजा समाजवादी आणि समाजवादी हे दोन पक्ष एकत्र आले आणि वर्षभरात पुन्हा वेगळे झाले. माझे वडील एकीकडे, काका दुसरीकडे. घरात दोन चुली नव्हत्या, पण जेवताना कोणी कोणाशी बोलत नसे. सभेला मात्र जितकी माणसं आली तितकीच लिहिली जात. पोरी, तुला भाऊ आवडतो म्हणून तुझा हात थरथरत असेल. अगदी त्याच कारणासाठी लिहू नको.

राजापूरची चिटणीस

आजोबा, तुमचं वाचून रडू आलं.

वकीलदादा, नोटिशीची प्रत काढून बघितली. तहकूब सभेचं वाक्य नाही. घटनेत तरतूद आहे, पण नोटीस लिहिताना मीच ते वाक्य घातलं नाही. ही चूक माझी.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज फोटो आणि झेरॉक्स काढले. साखरीनाट्याच्या मावशी सोबत होत्या, त्या सभेतला एक अंगठा त्यांचा. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, जांभळ्या शाईतला आपला ठसा शोधला आणि विचारलं, "ह्याच्याखाली आता दुसऱ्या कोणाचं नाव नाय ना यायचं?" मी नाही म्हटलं. मग नव्या पानावर नोंद लिहिली, खाली आम्ही दोघींनी आणि शेजारच्या मास्तरांनी सही-अंगठा केला.

भाऊंकडे स्वतः गेले. सांगितलं की माझं मत तुम्हालाच आहे, पण 47 चे 80 मी करणार नाही. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, विचार करतो. अजून उत्तर नाही.

आमच्या घटनेत एकतृतीयांश सभासदांनी लेखी मागितलं तर विशेष सभा घ्यावी लागते. ती चतुर्थीच्या दिवसांत व्हावी असं मला वाटतं, तेव्हा मुंबईचे सगळे गावातच असतात. ओणीवाले दादा, तुमच्याकडच्या सभासदांच्या सह्या घ्याल का? नोटीस एकवीस दिवस आधी जायला हवी आणि या वेळी तहकूब सभेचं वाक्य त्यात असेल. पाचल आणि नाट्याकडच्या धरून माझ्याकडे आजपर्यंत 31 झाल्यात.

लालबागचा, मूळ गाव ओणी

यादी पाठवा. रविवारी मंडळाची बैठक आहे, तिथे फिरवतो. साहेबांनाही सांगेन, त्यांच्यापासून लपवून नाही.