बाबांची वंशावळ ऑनलाइन चढवली आणि सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं झाली

माजघर:
नमस्कार. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून बाबांनी आमच्या घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर घातली. ६१२ माणसं. अर्धी कुलवृत्तांतातून, बाकीची आत्यांच्या, चुलत्यांच्या घरी जाऊन, विचारून विचारून. गेल्या वर्षी बाबा गेले. न्यू जर्सीतल्या चुलतभावंडांनाही भर घालता यावी म्हणून मी जुन्या प्रोग्रॅममधून जेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) काढून एका ऑनलाइन सेवेवर चढवली. माणसं सगळी आली, नातीही जुळली, पण पणजीच्या ‘पार्वती’च्या जागी ‘???????’. फोटो एकही नाही. पणजोबांचा जन्म बाबांनी ‘शके १८१२ माघ शु. ५’ असा लिहिला होता, तिथे कोरं. सगळं पुन्हा हाताने टाइप करायचं का? रडू येतंय.

चावडी:
ताई, काहीही टाइप करू नका. प्रश्नचिन्हं मोजलीत का? बरोबर सात आहेत. प, काना, र, हलन्त, व, त, वेलांटी. एकेका खुणेमागे एक. म्हणजे बाबांनी युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या प्रमाण पद्धतीत) लिहिलंय आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये ते शाबूत आहे. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतं, तर प्रश्नचिन्हं नव्हे, रोमन अक्षरांचा कचरा दिसला असता. फाइल काढताना ‘एएनएसआय’ ही अक्षरं साठवायची जुनी पद्धत निवडली गेली असणार, त्यात देवनागरी बसत नाही. या फाइलमधली नावं गेलीच, ती दुरुस्त करत बसू नका. पुन्हा एक्स्पोर्ट करा, या वेळी यूटीएफ-८ निवडून, ती युनिकोडची पद्धत आहे. चढवण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पणजीचं नाव डोळ्यांनी बघा.

आणि आधी मूळ डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. हे आजच करा.

तारखेचं: जेडकॉमला शक ठाऊक नाही. माघ म्हणजे नवं इसवी साल लागलेलं, म्हणून ७८ नव्हे, ७९ मिळवायचे: १८९१. तारखेत १८९१ घाला आणि बाबांची ओळ जशीच्या तशी टिपेत ठेवा. ती खोडू नका.

ओसरी:
फोटो जेडकॉममध्ये नसतातच, फाइलमध्ये फक्त ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत एवढंच लिहिलेलं असतं. जेडकॉमच्या २०२१ च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट झिप करता येते, पण जुना प्रोग्रॅम ती देणार नाही. फोटो वेगळे चढवावे लागतील.

माझी कळकळीची विनंती दुसरीच आहे. बायकांची नावं बघा. आमच्याकडे सगळ्या सुना फक्त सासरच्या नावाने घातल्या होत्या. माहेरचं नाव मुख्य ठेवा, सासरचं ‘लग्नानंतरचं’ म्हणून जोडा. नाहीतर तिच्या माहेरचं कुणी तिला शोधायला आलं, तर ती सापडायचीच नाही.

माजघर:
यूटीएफ-८ ने काढली. नोटपॅडमध्ये ‘पार्वती’ दिसली आणि मी आईला हाक मारली. ओसरी, बाबांनी प्रत्येक सुनेचं माहेर टिपेत लिहून ठेवलंय, गावासकट. आजपासून एकेक वर घेते.

एकच विचारते. आजोबा मामांकडे दत्तक गेले होते. दोन्ही घरं दाखवता येतात का?

चावडी:
येतात. एकाच माणसाला दोन आईवडील जोडता येतात, त्यातलं एक नातं ‘दत्तक’ म्हणून नोंदवायचं. चढवल्यावर आजोबांचं पान मात्र स्वतः उघडून बघा. काही ठिकाणी दत्तकाची खूण गळते आणि दोन्ही घरं जन्माचीच दिसतात.