कुंतीचे कुंपण खालून उघडे पडले आहे. छाटणी केव्हा आणि कशी करावी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)
नमस्कार. आमच्या अंगणाच्या कडेने सासूबाईंनी लावलेले कुंतीचे सुमारे 25 फूट लांबीचे कुंपण आहे. एप्रिलमध्ये माळीदादांनी ते वरून हातभर उतरवले आणि आतली कोवळी पाने आठवड्याभरात करपली. खालचा दीड फूट भाग मात्र दोन-तीन वर्षांपासून नुसत्या काड्यांचाच आहे. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा आता पुन्हा कात्री लावावी की दिवाळीनंतर? फाटकाजवळच्या दोन मोरपंखींनाही आकार द्यायचा आहे. सासूबाईंच्या हातची झाडे असल्यामुळे उपटून नवी लावण्याचा विचार नाही.

उत्तर 1
ताई, कुंती चिवट आहे, ती नक्की सावरेल. पाने करपली ती उन्हामुळे. आजवर सावलीत वाढलेली पाने चाळीस अंशांच्या उन्हात एकाएकी उघडी पडली. म्हणून मोठी छाटणी माळव्यात पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती भिजल्यावर, आभाळ असलेल्या दिवशी करावी. दिवाळीनंतर थंडीत वाढ मंदावते आणि खोल छाटलेले कुंपण फेब्रुवारीपर्यंत तसेच भकास राहते.

खालचा भाग उघडा पडण्याचे कारण बहुधा आकारात आहे. माळी वरचा माथा सपाट ठेवतात, पण बाजू वर रुंद आणि खाली अरुंद होत जातात. मग वरच्या पानांच्या सावलीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या पाने टाकतात. आपण उलट करावे. कुंपण चार फूट उंच ठेवायचे असेल, तर तळाशी दोन फूट आणि माथ्याशी दीड फूट रुंदी धरावी, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणावी आणि तिच्या आधाराने कापावे, कारण नुसत्या नजरेने रेषा हमखास वाकते. यंदा फक्त अंगणाकडची बाजू जुन्या लाकडापर्यंत आत घ्यावी आणि रस्त्याकडची पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे झाडाला जगण्यापुरती पाने कायम राहतील. जाड फांद्या मोठ्या कात्रीने चेचू नयेत, त्या सिकेटरने (फांद्या कापायच्या एकहाती कात्रीने) किंवा करवतीने कापाव्यात. त्यानंतर शेणखत द्यावे, मात्र ते बुंध्याला टेकवू नये. आपल्या काळ्या मातीत पाणी साचते आणि बुंधा कुजतो.

पुढे पावसाळाभर महिन्या-दीड महिन्याने हलकी छाटणी पुरे. एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी: कुंती नव्या फुटव्यांच्या टोकाला फुलते, त्यामुळे सारखी कात्री चालवल्यास रेषा सुरेख राहते, पण तो सुगंध हातचा जातो. मी स्वतः फुले येऊ देतो आणि ती सरल्यावरच कापतो.

उत्तर 2 (ग्वाल्हेर)
मोरपंखीला हा नियम लावू नये. ती जुन्या, तपकिरी झालेल्या लाकडातून सहसा पुन्हा फुटत नाही, त्यामुळे खोल कापलेले खिंडार कायमचे राहते. फक्त हिरवी टोके, दरवेळी थोडी थोडी कापावीत.

प्रश्नकर्ती
आपले दोघांचेही मनापासून आभार. कुंपणापासून पाच-सहा फुटांवर कागदी लिंबाचे झाड आहे. छाटणीचा त्याला काही त्रास होईल का?

उत्तर 1
हे बरे विचारलेत. कुंती लिंबाच्याच कुळातली असून सिट्रस सिला ही बारीक कीड दोघांच्याही कोवळ्या फुटव्यांवर अंडी घालते. याच किडीमुळे लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरतो. छाटणीनंतर सगळीकडे एकदमच पालवी येईल, तेव्हा दर तीन-चार दिवसांनी शेंडे उलटून पाहावेत. पाने मुरडलेली किंवा चिकट दिसली, तर ते शेंडे खुडून पिशवीत बांधून टाकावेत आणि उघडीप पाहून संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा. लिंबावरही तेवढीच नजर ठेवावी.