सोयाबीनवरील तांबेरा: फवारणी चवथीपूर्वी करावी की नंतर?

कुळागरवाला (सत्तरी)

नमस्कार. आमचे कुळागर (सुपारीची बाग) वाळपईजवळ आहे आणि पावसाळ्यातील फवारणी म्हटली की आम्हाला मोरचूद आणि चुनाच आठवतो. सुपारीच्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर एकदा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा मारायचे, हा आमच्या घरातला ठरलेला क्रम आहे. यंदा मात्र गडहिंग्लज तालुक्यातील मामांच्या शेतीचीही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तेथे अडीच एकरांत जेएस ३३५ या वाणाचे सोयाबीन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेले असून सध्या फुले सरत आली आहेत आणि बारीक शेंगा धरू लागल्या आहेत. खालच्या काही पानांवर तपकिरी ठिपके दिसतात, असे मामांनी काल फोनवर सांगितले.

चवथ दोन आठवड्यांवर आली आहे. घरचा गणपती सोडून निघणे कठीण असल्याने चवथ आटोपून तेथे जावे आणि मग फवारणी करावी, असा माझा विचार आहे. तोवर फार उशीर होईल का? शिवाय कोळेरोगासाठी आणलेले मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचे जोड बुरशीनाशक घरी शिल्लक आहे, ते सोयाबीनवर चालेल का?

हिरण्यकेशीकाठचा (सध्या फोंडा)

चवथीपर्यंत थांबू नका, हे आधीच सांगतो. माझे गाव त्याच पट्ट्यात आहे. ऑगस्टमध्ये सलग झड, ढगाळ हवा आणि रात्रभर ओली राहणारी पाने असे हवामान जुळून आले की कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागांत तांबेरा, म्हणजे पानांवर तांबूस भुकटी आणणारा बुरशीचा रोग, हमखास दिसतो. त्याला उष्णता मानवत नाही. साधारण १८ ते २८ अंश तापमान आणि पानांवर सहा तासांहून अधिक काळ टिकलेला ओलावा एवढे त्याला पुरते. एकदा पान लागले की सात ते दहा दिवसांत त्यावर नवीन बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बी) तयार होतात, म्हणजे तुमच्या दोन आठवड्यांत रोगाच्या एक-दोन पिढ्या सहज होऊन जातील. त्यानंतर पाने पिवळी पडून गळू लागतात आणि शेंगा दिसायला भरपूर असल्या तरी दाणा बारीक राहतो.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते, वाळलेल्या पालापाचोळ्यात ती टिकत नाही. म्हणून पीक फेरपालट केला किंवा शेत स्वच्छ ठेवले तरी या रोगापुरता फारसा उपयोग होत नाही, कारण बीजाणू वाऱ्याबरोबर दुसरीकडून येतात. खरा उपाय वाणाच्या निवडीत आहे. जेएस ३३५ तांबेऱ्याला लवकर बळी पडते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रातून आलेले फुले संगम आणि फुले किमया, त्याचप्रमाणे धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीएसबी २१, हे वाण तांबेऱ्यासमोर बरेच तग धरतात. यंदाचे बियाणे जमिनीत गेलेच आहे, तेव्हा हे पुढच्या मृगासाठी लक्षात ठेवा.

पानावरचा डाग (जुने गोवे)

घाईला माझाही विरोध नाही, परंतु औषध विकत घेण्यापूर्वी ठिपका कशाचा आहे ते नक्की करावे. प्रादुर्भाव झालेले पान उलटे करून मामांनी ते पांढऱ्या कागदावर किंवा बोटाने घासून पाहावे. तपकिरी, तांबूस भुकटी लागली तर तो तांबेरा होय. खालच्या बाजूला उंचवटे आहेत, भोवती पिवळे वलय आहे, पण भुकटी मात्र येत नाही, असे असेल तर जिवाणूजन्य पुरळाची शक्यता अधिक असते आणि जिवाणूंवर बुरशीनाशक काहीच करू शकत नाही. पिवळ्या मोझॅकचेही तसेच आहे. तो विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर बुरशीनाशक मारणारे लोक मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी त्यांचे पैसे वाया जातात.

आता शिल्लक औषधाविषयी. कोळेरोग फायटोप्थोरा या सूक्ष्म जीवामुळे होतो. रूढ भाषेत आपण त्याला बुरशी म्हणतो, परंतु तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि मेटालॅक्सिल हे नेमके त्याच कुळासाठी बनलेले औषध आहे. तांबेऱ्याची बुरशी निराळ्या कुळातली असल्याने मेटालॅक्सिलचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्यातील मॅन्कोझेब पानावर थर धरून थोडेफार संरक्षण देईल, परंतु पान एकदा लागल्यावर ते आत शिरत नाही आणि घाटमाथ्याच्या पावसात ते धुऊनही जाते. उलट दिशेनेही हीच गोष्ट खरी आहे: सोयाबीनवरची ट्रायाझोल या गटातील बुरशीनाशके कोळेरोगावर निरुपयोगी ठरतात. तेव्हा तो डबा कुळागरासाठीच ठेवावा.

तांबेरा असल्याची खात्री झाली तर हेक्झाकोनॅझोल ५ टक्के किंवा प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, यांपैकी एक, लिटरला १ मिलि या प्रमाणात घ्यावे. ही दोन्ही ट्रायाझोल गटातील आहेत आणि नुकतीच आत शिरलेली बुरशी काही दिवसांपर्यंत रोखू शकतात. परंतु उघडे पडलेले फोड ती बरी करत नाहीत, आणि पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. स्ट्रोबिल्युरिन या दुसऱ्या गटातील बुरशीनाशके मुख्यतः बीजाणू रुजण्यापूर्वी काम करतात, म्हणून दोन्ही गटांचे तयार मिश्रण, उदाहरणार्थ पायराक्लोस्ट्रोबिन आणि इपॉक्सिकोनॅझोल, हेक्टरी ७५० मिलि वापरले जाते. दुसऱ्या फवारणीची वेळ आली तर गट बदलावा. ब्राझीलमध्ये तांबेरा २००१ साली पोहोचला आणि त्याच त्या गटांच्या सततच्या फवारण्यांमुळे तेथील बुरशी ट्रायाझोल आणि स्ट्रोबिल्युरिन या दोन्हींना पूर्वीसारखी दाद देईनाशी झाली, एवढे उदाहरण पुरे आहे.

हिशेबी माणूस (डिचोली)

सरसकट फवारणीच्या मी विरुद्ध आहे, तरी या ठिकाणी ती करावी असेच म्हणेन. समजा औषध, पाणी आणि मजुरी धरून एकरी १,५०० रुपये खर्च आला, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये क्विंटल या हमीभावाने तो भरून निघण्यासाठी एकरी जेमतेम अठ्ठावीस किलो सोयाबीन वाचले पाहिजे. बाजारात भाव त्याहून खाली असला तर पस्तीसएक किलो धरा. रोग शेतात आहे, वाण नाजूक आहे, हवा पावसाळी आहे. अशा स्थितीत एवढे वाचणे अवघड नाही. मात्र रोगाचा पत्ता नसताना, पीक हिरवेगार दिसावे एवढ्यासाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात मिसळून मारण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यातून पैसे परत येतातच असे नाही. हिरवेपणा लांबला की काढणीही लांबते, हे कोणी सांगत नाही.

मी स्वतः बांधालगतच्या चार ओळी न फवारता सोडतो आणि मळणी वेगळी करतो. माझे मत त्यावरून बनते, दुकानातल्या पत्रकावरून नाही.

कुळागरवाला (सत्तरी)

सर्वांचे आभार. मामांनी आज सकाळी पान कागदावर घासून पाहिले. तांबूस भुकटी स्पष्ट लागली आहे, परंतु अजून फक्त खालच्या दोन-तीन पानांवर. आता प्रश्न पाण्याचा आहे. मामांच्या गड्याचे म्हणणे असे की एकराला पाच पंप भरून पाणी पुरते आणि औषध थोडे वाढवून घेतले की झाले.

हिरण्यकेशीकाठचा (सध्या फोंडा)

गड्याचे ऐकू नका. तांबेरा खालून वर चढतो आणि यावेळी ओळी एकमेकींना मिळालेल्या असल्यामुळे वरून उडवलेले पाणी वरच्या छत्रीवरच अडते. पाठीवरच्या पंपाने हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर पाणी लागते. सोळा लिटरचा पंप असेल तर एकराला साडेबारा आणि अडीच एकरांना एकतीस पंप होतात. नळी ओळीत खाली घालून चालावे आणि बारीक तुषार देणारे नोझल लावावे. उघडीप पाहून, पाने सुकल्यावर आणि पुढचे दोन तास पाऊस नसेल अशा बेताने फवारणी करावी. हातमोजे आणि मास्क गड्याला तुम्हीच नेऊन द्या. गावात सांगितल्याने कोणी घालत नाही.

पानावरचा डाग (जुने गोवे)

वरील हिशेबाने प्रोपिकोनॅझोल अडीच एकरांना ५०० मिलि लागेल. पाणी कमी करून औषध वाढवू नये. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लेबलवर पाहावे आणि तोवर त्या शेतातला हिरवा पाला म्हशींना घालू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा पाने उलटून पाहावीत. वरच्या पानांवर भुकटी दिसली आणि दाणे अजून भरत असतील, तरच दुसरी फवारणी करावी. हिरव्या दाण्याने शेंग पूर्ण भरली असेल तर फवारणी करू नये, कारण त्यानंतर वाचवण्यासारखे फारसे उरत नाही.

कुळागरवाला (सत्तरी)

शनिवारी पहाटे चोर्ला घाटाने निघतो. एकतीस पंपांसाठी दोन गडी आणि विहिरीवर एक माणूस, असे मामांना कळवले आहे. बांधालगतच्या चार ओळी सोडायलाही सांगितले आहे. मामा त्यावर नाराज आहेत.