मदत हवी आहे: जिनसेंगचा अर्क दाह खरंच कमी करतो की पेशीच मारतो?

नमस्कार मंडळी, नाशिकमधून विचारतोय. वाळवलेल्या मुळाचा ७० टक्के मिथेनॉलमधला अर्क आटवून डीएमएसओ या द्रावकात घेतलाय. पेशींच्या प्लेटमधल्या प्रत्येक खळग्यात (वेल) डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएस (दाह चेतवणारा जिवाणूंचा घटक) देऊन २४ तासांनी ग्रीस रिएजंटने ५४० नॅनोमीटरवर नायट्राइट (दाहात पेशी बनवतात त्या नायट्रिक ऑक्साइडची खूण) मोजतो. आकडा छान उतरतो, म्हणूनच शंका येते. आरजी३ आणि कंपाउंड के ही जिनसेंगची संयुगं जास्त मात्रेत पेशींना मारतात, आणि मेलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी तो रंग जांभळा करतात) पेशी जिवंत दिसतात खऱ्या, पण वनस्पतींचे काही अर्क पेशींशिवायही एमटीटी जांभळं करतात. पेशी न घातलेला वेल ठेवतोच आहे. जोडीला एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजणं पुरेल का?

दुसरं, जास्त महत्त्वाचं. तोंडावाटे घेतलेलं आरबी१ (जिनसेंगमधलं एक प्रमुख संयुग) फारच थोडं शोषलं जातं; आतड्यातले जिवाणू त्याच्या साखरा काढून कंपाउंड के बनवतात. मग पेशींवर थेट आरबी१ टाकून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ किती? दोन्ही शेजारी तपासायचे आहेत. सातपूर-अंबडकडे कुणाकडे कंपाउंड केचं १ मिलिग्रॅम स्टँडर्ड मिळेल का? शुद्धतेचा दाखला मात्र हवाच.