ब्रेनर घाटात ट्रकना आधी वेळ नेमून द्यावी का?

इनकाठ:
जर्मनी-इटलीचा बराचसा माल ऑस्ट्रियातल्या ब्रेनर घाटाने जातो, वर्षाला सुमारे २५ लाख ट्रक. तिथल्या टायरोल प्रांताने २०१७पासून तोडगा काढलाय: गर्दीच्या ठरावीक दिवशी पहाटे जर्मन सीमेवरच्या कुफस्टाइनजवळ ट्रक अडवायचे आणि तासाला जास्तीत जास्त ३०० सोडायचे. रांग मागे जर्मनीतल्या बव्हेरियात कित्येक किलोमीटर जाते आणि धूर खातात खोऱ्यातली गावं. एप्रिल २०२३मध्ये बव्हेरिया, टायरोल आणि इटलीतला दक्षिण टायरोल यांनी मिळून पर्याय मांडला: घाट ओलांडायची वेळ आधीच ऑनलाइन घ्यायची. रोमला तो नको. उलट २०२४मध्ये ट्रकवरच्या निर्बंधांवरून इटलीने ऑस्ट्रियाला युरोपीय न्यायालयात खेचलं. माझ्या मते ही पद्धत यायलाच हवी. थांबायचंच आहे तर ट्रक गोदामात थांबू दे!

मालवाहू:
साफ असहमत. माझा धंदाच ट्रक पाठवायचा आहे. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, टॅकोग्राफवर (ड्रायव्हरचे तास टिपणारं गाडीतलं यंत्र) सगळी नोंद असते. म्युनिकच्या रिंगरोडवर अपघात झाला आणि सकाळी सातचा स्लॉट, म्हणजे बुक केलेली वेळ, हुकला, तर पुढचा कधी मिळणार? तोवर ड्रायव्हरचे तास संपले तर गाडी उभी कुठे करायची? त्या वाटेवर पार्किंगला जागा मिळायची मारामार, वर टायरोलमध्ये रात्रीची बंदी आहेच. मोठ्या कंपन्या सोयीच्या वेळा अडवून बसतील आणि दोन गाड्यांचा मालक मरेल. बुकिंग म्हणा नाहीतर काही म्हणा, हा कोटाच आहे.

रुळावर:
दोघंही रस्त्यातच अडकलात. स्वित्झर्लंडने जड वाहनांवर किलोमीटरमागे कर लावला, बोगदे खोदले. तिथे आल्प्स ओलांडणारा सुमारे ७० टक्के माल रेल्वेने जातो. ब्रेनर स्वस्त आहे म्हणून ट्रक तिकडे वळतात.

इनकाठ:
@रुळावर, मान्य, पण ब्रेनरचा ५५ किमीचा रेल्वे बोगदा अजून पूर्ण व्हायचाय. तोवर काय?
@मालवाहू, हुकलेल्या स्लॉटचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच बुकिंग गाडीतल्या जीपीएसला जोडलेलं हवं: उशीर दिसला की पुढची वेळ आपोआप मिळावी. स्लॉट विकायला बंदी हवी. आणि तिन्ही बाजूंना मिळून एकच नियंत्रण कक्ष हवा. १९९९मध्ये मों ब्लां बोगद्यात आग लागून ३९ माणसं गेली, तेव्हा फ्रान्स आणि इटलीचे कक्ष वेगवेगळे होते. इटलीकडून ताजी हवा आत सोडणं चालूच राहिलं आणि धूर फ्रान्सच्या बाजूने अडकलेल्या लोकांवर गेला. त्यानंतर कारभार एकत्र केला. माणसं मरायची वाट कशाला बघायची?

मालवाहू:
एक कक्ष, मान्य. पण तासाला किती गाड्या सोडायच्या तो आकडा एकट्या टायरोलने ठरवायचा नाही. इटलीसकट सगळ्यांनी ठरवला, तर बोलू.